सुईचं दुसरं टोक

फोरबर्ग

ज्या देशात सात वर्षं भाडं भरलं, त्याचं प्रवासवर्णन लिहायचं म्हणजे आपल्याच स्वयंपाकघरात पाहुणीसारखं बसून चहाची वाट बघण्यातला प्रकार. पण कोविडचं पहिलं वर्ष आणि दुसऱ्याचे सुरुवातीचे महिने आम्ही हेगला खेटून असलेल्या फोरबर्गमधल्या दोन खोल्यांत असे काढले, की शेजारच्या गावी भाजी आणायला गेले तरी मी परदेशी जाऊन आल्यासारखी बोलायचे. तेव्हा सायकलनं थेट आर्नहेमपर्यंत जाऊन आले, ही हकीकत पुण्यातल्या माझ्या माणसांसाठी लिहायलाच हवी. शिवाय या प्रवासात मला ज्यांनी ज्यांनी सांभाळून घेतलं, त्यांचे आभार मानायला दुसरी जागा नाही.

निघायला कारणं दोन होती. एक, माझा नवरा निखिल. त्यानं आर्नहेममधल्या एका वीज कंपनीत नोकरी धरली होती आणि वर्षभर आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून ती केली होती. ऑफिस त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं. ते खरंच आहे का, याची खात्री करून घ्यायची त्याला घाई झाली होती.

दुसरं कारण बाबांचं वर्षश्राद्ध. बाबा आदल्या मे महिन्यात पुण्यात गेले. विमानं बंद होती. चुलतभावानं अग्नी दिला, घाटावर चौघंच होती, आणि मी ते सगळं फोनच्या पडद्यावर पाहिलं. मध्येच नेटवर्क गेलं आणि परत आलं तेव्हा सगळे निघाले होते. वर्ष झालं तरी परिस्थिती तीच, किंबहुना त्या मे महिन्यात पुण्याची अवस्था आणखी वाईट होती. आई एकटी होती. शेजारचे दाराशी दूध ठेवून बेल वाजवून निघून जायचे. मी एकुलती एक, तेव्हा आई म्हणाली, या वेळी तूच कर. आणि पुढे हळू आवाजात म्हणाली, "नीट कर हं शरू. मागच्या वेळी त्यांना कुणी नीट निरोप दिला नाही." त्या एका वाक्याचं ओझं सामानातल्या सगळ्या वस्तूंपेक्षा जास्त होतं.

गुरुजींनी फोनवरून विधी सांगायचं कबूल केलं. मुलीनं केलेलं पोचतं, अशी ग्वाहीही दिली. अटी दोनच घातल्या. पाणी वाहतं हवं आणि तोंड दक्षिणेला हवं. आमच्या घरासमोरून कालवा जातो, पण डच कालव्यातलं पाणी शिस्तीत एका जागी उभं असतं. वाहत्या पाण्यासाठी नदी गाठायला हवी होती. आर्नहेमच्या वाटेवर लेक नदी लागते, म्हणजे राइनचाच एक फाटा. दोन्ही कामं एका फेरीत होणार म्हणून निखिल खूश झाला.

राहिली दक्षिण. तिची मला अजिबात काळजी नव्हती. बाबा मोजणी खात्यात होते. त्यांचं पितळी होकायंत्र हे आमच्या घरातलं दुसरं दैवत होतं. लहानपणी ते आईची शिवणाची सुई चुंबकावर घासून, कागदाच्या कपट्यावर ठेवून पाण्याच्या वाटीत सोडायचे. सुई डुलत डुलत फिरायची आणि ठरल्या जागी थांबायची. मग ते सांगायचे, की हा शोध चीनचा. लोकांना वाटतं जहाजांसाठी लागला, पण चिनी माणसानं आधी तो जमिनीवर वापरला. घर कुठं तोंड करून बांधायचं आणि घरातलं मेलेलं माणूस कुठं तोंड करून पुरायचं, हे ठरवायला. समुद्र फार पुढची गोष्ट. मला तेव्हा त्यातलं पुरण्याचं तेवढं लक्षात राहिलं होतं आणि रात्री वाटीकडे बघायची भीती वाटायची.

स्खोनहोव्हन

पहिल्या दिवशी वारा समोरून होता. इथं नव्यानं येणाऱ्यांना मी सांगून ठेवते, की नेदरलँड्समध्ये चढ नसतो असं जे म्हणतात ते खरं आहे, पण चढाचं काम वारा करतो. खाउडा गाव येईपर्यंत माझ्या मांड्या बोलायला लागल्या. आभाळ असं खाली आलेलं, की गायी त्याला शिंगं लावतील. मे महिना संपत आला होता आणि मी स्वेटर घातला होता.

दमले की मला बाबा आठवतात, कारण सायकल मी त्यांच्याकडून शिकले. सहकारनगरच्या मैदानावर ते मागे कॅरिअर धरून धावायचे. मी ते आहेत ना, हे बघायला मागे वळायचे आणि हमखास पडायचे. दोन्ही गुडघे फुटल्यावर ते एवढंच म्हणाले, "पुढे बघ. मी आहे की नाही, हे बघायचं काम तुझं नाही." त्यांनी कॅरिअर कधी सोडलं ते मला आजतागायत माहीत नाही.

स्खोनहोव्हन हे चांदीच्या कारागिरांचं छोटंसं गाव. दुकानं मोजक्या गिऱ्हाइकांपुरती उघडली होती, हॉटेलांना फक्त बाहेर अंगणात वाढायची परवानगी होती. एका अंगणात आम्ही कुडकुडत वाटाण्याचं दाट सूप घेतलं. माणसांमध्ये बसून खाण्याची सवय इतकी गेली होती, की शेजारच्या टेबलावरच्या बाई हसल्या तर मला भरून आलं. वाढणाऱ्या मुलीला मी इतक्या वेळा धन्यवाद दिले, की निखिलनं टेबलाखालून पाय मारला.

तिथून फेरीबोटीनं लेक ओलांडली. फेरीवाल्यानं सांगितलं, की इथवर समुद्राची भरती-ओहोटी जाणवते, भरतीला नदीही उलटी वाहू लागते. मला हे गुरुजींना सांगायचं धाडस झालं नाही. पलीकडच्या काठावर एका कॅम्पिंगमध्ये आम्ही लाकडी झोपडी घेतली होती. दोन खाटा, एक शेगडी, खिडकीतून नदी. एवढं मोठं आकाश पाहून किती दिवस झाले, याचा विचार करत मी पायरीवर बसून राहिले.

लेकच्या पलीकडे

दुसऱ्या दिवशी श्राद्ध. सकाळपासून ढग तसेच, सूर्य आभाळात कुठं आहे याचा पत्ता नाही. तीळ, तांब्याची पळी, चंदन, सगळं मी यादीबरहुकूम आणलं होतं. तांदूळही आणले होते, चांगले लांब दाण्याचे बासमती. आणि तिथेच घोळ झाला. बासमतीच्या भाताचे पिंड वळतील तर शपथ. तुपाचा हात लावला, पाण्याचा लावला, भात जास्त शिजवला. पिंड ताटात ठेवला की शितं पुन्हा आपापल्या वाटेनं जायची. सात वर्षं पाहुण्यांना बिर्याणी खिलवण्याच्या नादात मी घरात आंबेमोहोर ठेवायचंच सोडून दिलं होतं. गुरुजी फोनवर यायची वेळ होत आली होती आणि मी भातात हात घालून रडकुंडीला आले होते.

शेजारी एक जुना कॅरॅव्हॅन उभा होता. त्याच्या दाराशी घडीच्या खुर्चीवर एक चिनी बाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. सत्तरीच्या असतील. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत होत्या. शेवटी उठल्या, दोन हात अंतर राखून उभ्या राहिल्या आणि ताटाकडे बोट दाखवून डचमध्ये म्हणाल्या, "हा तांदूळ चिकटत नाही." मी म्हटलं, कळलं मला ते. त्या आत गेल्या आणि आखूड दाण्याच्या गरम भाताचं पातेलं आणून माझ्या पायरीवर ठेवून गेल्या. कशाला हवाय हे विचारलंही नाही. त्या भाताचे पिंड असे वळले, की गुरुजींनीसुद्धा कौतुक केलं.

काठावरची जागा मी आधीच हेरून ठेवली होती. माझ्या फोनवर होकायंत्र उघडलं, बाणानं दाखवलेल्या दक्षिणेकडे तोंड करून चटई घातली. समोर नदीच होती, तेव्हा मी मनात म्हटलं, बाबांचं नशीब चांगलं. मग निखिलच्या फोनवर गुरुजी आणि आई दोघं आले. आईनं पांढरी, बारीक काठाची साडी नेसली होती. गुरुजींचा आवाज बसला होता. त्या महिन्यात त्यांनी अशी किती श्राद्धं आणि किती दहाव्याचे विधी फोनवरून सांगितले असतील, ते विचारवलं नाही, पण माझ्यासाठी त्यांनी एकही शब्द घाईनं उच्चारला नाही.

हाताच्या अंगठ्यावरून तिळाचं पाणी सोडताना, बाबांचं नाव आणि गोत्र घेताना, वर्षभर साचलेलं सगळं बाहेर आलं. मी मोठ्यानं रडले. आईही रडली. एक बोट भोंगा न वाजवता हळूच काठाजवळून गेली, तिच्यावरच्या माणसानं टोपी काढली. आणि कावळा. इथं राखाडी मानेचे छोटे कावळे असतात. त्यातला एक मी मागे सरायच्या आत पिंडावर येऊन बसला. बाबांना जेवायला बोलावलं की दुसऱ्या हाकेची वाट बघायची सवय नव्हती. आई पडद्यावर हसली. वर्षभरात पहिल्यांदाच मी तिला तसं हसताना पाहिलं.

संध्याकाळी मी पातेलं घासून परत द्यायला गेले. त्यांचं नाव मिसेस लाऊ. हाँगकाँगजवळच्या एका खेड्यातून पन्नास वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर इथं आल्या, दोघांनी मिळून चायनीज हॉटेल चालवलं. नवरा गेल्या वर्षी गेला, हॉटेल बंद झालं, तेव्हापासून उन्हाळाभर त्या इथंच राहतात. त्यांनी मला ताटलीत पातळसर मऊ भात वाढला, आमचा गुरगुट्या भातच तो. मी झोपडीतून मेतकुटाची पुडी आणली आणि त्यांच्या भातावर भुरभुरली. त्यांनी चव घेतली, डोळे मिटले आणि ताटली पुन्हा पुढे केली. मिसेस लाऊ म्हणाल्या, की गेल्या वर्षी बसमध्ये लोक त्यांच्या शेजारून उठून जायचे. मी सांगितलं, की यंदा बातम्यांत भारताचं नाव यायला लागल्यापासून आमच्या इमारतीतल्या एक बाई लिफ्टमध्ये शिरत नाहीत. "मागच्या वर्षी आम्ही, यंदा तुम्ही," त्या म्हणाल्या आणि मेतकुटाची पुडी स्वतःकडे ठेवून घेतली.

ऊन

तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर खोलीत ऊन. आम्ही सामान बांधत होतो तेव्हा मिसेस लाऊ चहा घेऊन आल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि त्यांनी सहज विचारलं, की तुमच्याकडे पितरांना उत्तरेकडे तोंड करून जेवायला घालतात का. मी म्हटलं, नाही, दक्षिणेकडे. त्या म्हणाल्या, "पण काल तू उत्तरेकडे बघत होतीस."

मी त्यांना समजावून सांगितलं, की हे शक्य नाही, मी फोनवर बघून बसले होते. त्यांनी वाद घातला नाही. आत जाऊन लाल फडक्यात बांधलेली एक चौकोनी लाकडी पाटी घेऊन आल्या. पाटीवर गोल तबकडी, तबकडीवर वर्तुळांत वर्तुळं, त्यांत मुंगीएवढी चिनी अक्षरं आणि मधोमध काचेखाली बोटाच्या पेराएवढी सुई. त्यांच्या आजोबांची. गावात कुणी घर बांधलं किंवा कुणी गेलं की आजोबांना बोलावणं यायचं. बाबांनी वाटीशेजारी बसून सांगितलेली गोष्ट माझ्यासमोर उन्हात ठेवली होती. इतकी जुनी विद्या एका कॅरॅव्हॅनच्या कपाटात राहत होती आणि मी तिच्या शेजारी दोन रात्री झोपले होते.

तरी मी हार मानली नाही. माझी नोकरी सॉफ्टवेअर तपासायची आहे, दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा मला पगार मिळतो. मी माझा फोन पाटीशेजारी ठेवला, आता तुलना होऊनच जाऊ दे म्हणून. आणि काचेखालची सुई थरथरली, वळली आणि सरळ माझ्या फोनकडे बघत थांबली. फोन उचलला की ती परत जागेवर. ठेवला की पुन्हा फोनकडे. मिसेस लाऊ आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो.

"कव्हर," निखिल म्हणाला.

माझ्या फोनच्या कव्हरला झाकण आहे आणि ते बंद राहावं म्हणून त्यात चुंबक. बघताना झाकण मागे दुमडलेलं असतं. निखिलनं कव्हर काढलं. पडद्यावरचा बाण अर्धं वर्तुळ फिरला आणि शांत झाला. नदी उत्तरेला होती. असणारच. आम्ही फेरीनं दक्षिणेच्या काठावर आलो होतो, इथून नदीकडे बघणं म्हणजे उत्तरेकडे बघणं, हे शाळेतल्या पोराला कळलं असतं. मोजणी अधिकाऱ्याच्या मुलीला कळलं नाही.

मी पायरीवर बसले. वर्षभर थांबून केलेलं एकच काम, आणि दक्षिणेला पाठ करून केलं. गुरुजींना फोन लावला, तो लागला नाही. त्या दिवसांत तो लागणं कठीणच होतं. निखिल म्हणाला, पुन्हा करू, आजच करू. पण तिथी गेली होती. आणि आई हसली होती ना, ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. तिला सांगितलं तर ते हसू परत घेतल्यासारखं होणार होतं, आणि न सांगता राहणं मला जमणार नव्हतं.

मिसेस लाऊंनी फडकं घडी करून मांडीवर ठेवलं. त्या सांगू लागल्या, की नवरा गेला तेव्हा त्या ही पाटी घेऊन दफनभूमीत गेल्या होत्या. पाठीशी उंचवटा हवा, तोंड दक्षिणेला हवं. गावात तसं असतं. पण इथं रांग म्हणजे रांग, खेमेन्टेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, माणसानं नम्रपणे नाही म्हटलं. या देशात उंचवटाही कुठून आणणार? नवरा पूर्व-पश्चिम झोपला आहे. त्या पहिले तीन महिने रोज रडल्या. "मग मला आठवलं, हा माणूस पन्नास वर्षं रात्रभर कूस बदलत माझं पांघरूण ओढायचा. म्हटलं, नाही आवडलं तर बदलेल कूस." असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. मग काचेवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथले लोक म्हणतात ही सुई उत्तर दाखवते. आम्ही हिला दक्षिण दाखवणारी सुई म्हणतो. सुई तीच. आपण कुठल्या टोकाकडे बघतो तेवढंच." त्यांच्या सुईचं दक्षिणेचं टोक लाल रंगवलेलं होतं.

मी आईला फोन लावला. एका दमात सगळं सांगितलं, चुंबक, कव्हर, फेरी, नदी. मग आई म्हणाली, "मला माहीत आहे."

तिला कालच कळलं होतं. मी निघाल्यापासून ती बाबांचा जुना नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून बसली होती, आम्ही कुठं पोचलो ते बोटानं बघत होती. फेरीनं पलीकडे गेलो हे मीच तिला कौतुकानं सांगितलं होतं. पडद्यावर माझ्यासमोर नदी दिसली तेव्हाच तिनं ओळखलं. चव्वेचाळीस वर्षांचा संसार मोजणीवाल्याबरोबर झाला होता.

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

"तू मोकळी होत होतीस. मध्ये कशाला बोलू?" आई म्हणाली. "आणि मला काही वाईट वाटलं नाही गं. तू उत्तरेकडे बघत होतीस म्हणजे ते तुझ्या मागे होते. तुला सायकल शिकवताना तरी ते कधी तुझ्या समोर होते का?"

मग आईच म्हणाली, की आता उन्हं चढायच्या आत निघा, आणि त्या भातवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग. मी सांगितला. मिसेस लाऊंनी दोन्ही हात जोडून तो घेतला आणि वाटेसाठी उरलेल्या भाताचे गोळे करून डब्यात दिले. माझ्यापेक्षा सुबक वळले होते.

बांधावरून पुढे

आर्नहेमला आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. निखिलचं ऑफिस खरंच होतं. बंद होतं, पण होतं. त्यानं काचेला नाक लावून आत पाहिलं, पहारेकऱ्यानं आतून हात केला, आणि तो इतका आनंदला की मी त्याचे सहा फोटो काढले. त्याबद्दल त्याला लिहायचं तर तो लिहील.

मला त्या सकाळचं सांगायचं आहे. कॅम्पिंगमधून निघालो, बांधावर चढलो आणि पूर्वेकडे वळलो. डावीकडे नदी, म्हणजे उत्तर. उजवीकडे बांधाच्या पायथ्याशी घरं, सफरचंदाच्या बागा, चरणाऱ्या मेंढ्या, म्हणजे दक्षिण. आता मला सगळं नीट कळत होतं. त्या गुरुजींचे, त्या बोटवाल्याचे, मिसेस लाऊंचे आणि नकाशावर बोट ठेवून गप्प बसलेल्या आईचे आभार कसे मानायचे, याचा मी विचार करत होते. निखिल बराच पुढे गेला होता.

मग वारा फिरला. पहिल्या दिवशी छातीवर बसलेला वारा मागून आला. पायांना काही करावंच लागेना, सायकल आपोआप पळू लागली. कुणीतरी कॅरिअर धरून मागे धावावं तशी. मान वळवावी असं फार वाटलं.

मी पुढे बघत राहिले.